मोजून नऊ

नाटकाचं नाव 'मोजून नऊ',
त्यातला मी सहावा.
पाचव्यापर्यंत बापाला नावं सुचली,
माझ्यापाशी येऊन पंचांग संपलं,
म्हणून मला सगळे नुसतं 'हा' म्हणायचे.
वाक्य एकच होतं : "आई, माझं राहिलं."
न्हाताना, जेवताना, फोटो काढताना,
कुठेही घुसव, ठोसर सांगायचे,
फक्त आधीचा हशा ओसरू दे.

आम्ही घरोघरून उचललेले.
गंज पेठेतल्या शिंप्याची जुळी,
दांडेकर पुलाजवळची मालन, जी मुलगा व्हायची,
ठोसरांची भाची, तिला कोण काढणार,
आणि असेच आणखी काही.
नववं तान्हं म्हणजे उशी होती,
पण रडायची वेळेवर,
आमच्यात तेवढी एकच.

आई व्हायच्या करमळकरबाई.
दिवसा टेलिफोन ऑफिसात, रात्री नऊवारीत.
पदराला आतून नऊ सेफ्टी पिना,
कुणाचं बटण तुटेल, कुणाची चड्डी सुटेल.
प्रयोग संपला की पिना मोजून परत घ्यायच्या,
डबीत टाकायच्या
आणि सायकलवरून एकट्याच
नारायण पेठेत जायच्या.

त्या रविवारी बालगंधर्वला
मध्यंतरात मला वड्याचा वास आला.
रांग लांब. पुढे सगळी मोठी माणसं.
मी म्हटलं, "काका, माझं राहिलं."
इथे कुणी हसलं नाही.

आत घंटा होऊन पडदा वर गेलेला.
सतरंजीवर निजानीज,
बाई एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजतायत,
आणि तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले.
काळी टोपी, हातात जाहिरातीचं कात्रण.
"आठ आहेत. उशी धरून आठ.
जाहिरातीत 'मोजून' असा शब्द आहे.
तिकीट सात रुपये, नववा हिस्सा सत्त्याहत्तर पैसे,
वरचं मी सोडतो."

बाप झालेले दाबके घोरण्याचं काम करत होते,
ते आणखी मन लावून घोरू लागले.
प्रॉम्प्टर पानं उलटतोय, उलटतोय.
बाईंनी पदर खोचला.
"अहो, नऊ असले की एखादं इकडेतिकडे व्हायचंच.
तुमच्याकडे किती?"
"एक."
"मग ही मोजायची सवय कुठली?"
"हिशेबतपासनीस होतो."
नाट्यगृह कोसळलं.
ते उभेच होते, पावतीची वाट बघत.

तेवढ्यात मी, बॅटरीवाल्याच्या काखेखालून,
एका हातात वडा, दुसऱ्या हातात चड्डी,
नेमकी माझीच पिन तुटली होती.
रंगमंच माझ्या हनुवटीएवढा.
त्या गृहस्थांनीच मला बगलेत धरून उचललं
आणि वर ठेवलं,
रक्कम जमेच्या रकान्यात ठेवावी तसं.
मी माझं वाक्य म्हटलं.

हशा किती वेळ चालला मला सांगता येणार नाही.
बाईंनी मला पदराखाली ओढलं होतं,
तिथे नुसती धडधड ऐकू येत होती
आणि त्या काहीतरी मोजत होत्या, हळू,
संहितेत नसलेलं :
माझी बोटं, तेलाने माखलेली.
दहा झाली तरी थांबेनात.

विंगेत मात्र कान असा पिळला
की पुढचे तीन प्रयोग मला डावीकडचं ऐकू आलं नाही.
वडा त्यांनीच खाल्ला.

चार दिवसांनी ठोसरांना पोस्टकार्ड आलं,
ते मेकअपच्या आरशात खोचलेलं राहिलं,
पावडरीने पांढरं होईपर्यंत :
'रविवारी कमी भरलेले मूल
माझ्या समक्ष पूर्ण करण्यात आले.
सबब तक्रार मागे घेत आहे.
ता. क. : चड्डीची कायमस्वरूपी व्यवस्था व्हावी.'